स्वस्तातला एस-2 शंटर आणि बोगीचा एक फोटो

मला मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमधे (1:87) अमेरिकन डिझेल शंटर, म्हणजे यार्डात डबे हलवणारं छोटं इंजिन, हवा होता, त्यातही अ‍ॅल्कोचा एस-2च (अ‍ॅल्को म्हणजे ही इंजिनं बनवणारी कंपनी), आणि खिशाला झेपेल असा. साउंड नको म्हटलं की किंमत बरीच खाली येते, आणि आठ पिनचं सॉकेट असलं की डीसीसी डिकोडर (इंजिन डिजिटल पद्धतीने चालवायची चिप) नंतर सावकाश बसवता येतो, म्हणून नवीन सोडून सरळ जुन्या स्टॉककडे आणि सेकंडहँडकडे वळले. इथपर्यंत सगळं पटापट झालं.

अडलं ते बोगीपाशी. बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा. एस-2 (1940 ते 1950) आणि त्याच्यानंतरचा एस-4, दोन्ही 1000 हॉर्सपॉवरचे, वरून बघितलं तर जवळजवळ सारखेच. खरा फरक खाली. एस-2 ला ब्लंट बोगी, एस-4 ला एएआर टाइप ए. टाइप एमधे दोन चाकांच्या मधे खाली झुकलेला बार आणि त्याच्यावरच्या स्प्रिंगा चटकन नजरेत भरतात, ब्लंट बोगी तशी दिसत नाही. एवढंच बघायचं असतं, आणि नेमकं तेवढंच कोणी दाखवत नाही!

एका विक्रेत्याने एस-2 म्हणून टाकलेलं मॉडेल भाव, रंग, स्थिती सगळ्यात बसत होतं. बोगीचा बाजूने फोटो द्याल का म्हणून विचारलं, तर कितीतरी दिवसांनी खोक्याचा फोटो आला. खोक्यावर एस-2 लिहिलंय ते मलाही वाचता येतं हो, आत काय आहे ते सांगा ना! परत विचारलं तर वरून काढलेला फोटो, मग "चित्रात आहे तसंच आहे" एवढंच उत्तर, मग पुन्हा शांतता. शेवटी बाजूचा फोटो आला तो असा की उजेड सगळा वरून आणि बोगीच्या जागी नुसता काळा पट्टा. इंजिन पांढऱ्या कागदावर आडवं ठेवा आणि खिडकीशी नेऊन काढा, असं शब्दाशब्दाने सांगितलं तेव्हा कुठे दिसलं. टाइप ए. म्हणजे एस-4. आधीच्या मालकाने बोगी बदलल्या की खोकंच दुसरं, देव जाणे, पण एका फोटोचं काम आणि मी इतके दिवस ताटकळत बसले याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून सांगते, पहिल्याच मेसेजमधे कागद आणि खिडकी लिहूनच टाका.

समोरून सरळ काढलेला फोटोही मागा. स्वस्त जुन्या मॉडेलांमधे मोटर मावावी म्हणून हूड (कॅबच्या पुढचा, यंत्र झाकणारा लांबट भाग) रुंद केलेलं असतं, मग हूडच्या दोन्ही बाजूंच्या कॅबच्या, म्हणजे चालकाच्या केबिनच्या, खिडक्या चिंचोळ्या होतात आणि शंटरचं सगळं रूपच जातं. जाड प्लास्टिकचे हँडरेल काढून तारेचे करता येतात, रुंद हूडचं काही करता येत नाही. आणि हो, एस-1 कोणी एस-2 म्हणून विकत असेल तर धुराडं बघा, 660 हॉर्सपॉवरच्या एस-1 ला टर्बो नाही म्हणून ते बारीक, एस-2 चं चांगलं जाडजूड. एस-2 ची लांबी कपलरसकट साडेपंचेचाळीस फुटांच्या आसपास, म्हणजे एचओमधे जवळपास 16 सेंटीमीटर.

माझा एस-2 शेवटी दुसऱ्याच माणसाकडे मिळाला. त्याने न मागता दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो टाकले होते, ब्लंट बोगी अगदी ठसठशीत, बघूनच जीव भांड्यात पडला. हळू चालवतानाचा व्हिडिओ मात्र मी मागून घेतला, कारण अ‍ॅक्सलचा गिअर तडकला असेल तर चाकाच्या दर फेऱ्याला एक झटका बसतो आणि वेगात तो कळत नाही. आठही चाकं करंट घेतात ना तेही विचारलं, नाहीतर इतकं छोटं इंजिन प्लास्टिक फ्रॉगच्या पॉइंटवर (पॉइंट म्हणजे रूळ बदलायची जागा, फ्रॉग म्हणजे तिथे रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, प्लास्टिकचा असला की त्यात करंट नसतो) हमखास अडतं. माझं अडत नाही. यार्डातल्या सगळ्या पॉइंटवरून अगदी रांगत नेलं तरी कुठे थांबलं नाही, मला फार अभिमान वाटतो त्याचा. आता डिकोडर घ्यायचाय.