सिस्टर बघतायत

भायखळ्याला क्लेअर रोडवर टॅक्सी अडकली. जीझस अँड मेरी कॉन्व्हेंटचं फाटक दिसलं आणि शेजारी बसलेल्या आईने, वय वर्षं चौऱ्याहत्तर, हात पुढे करून स्वतःची नखं तपासली.

"काय गं?"

"सिस्टर बघतायत." आणि स्वतःच हसली.

फाटकात वॉचमनखेरीज कुणी नव्हतं.

जीझस अँड मेरी या संघाच्या नन्स १८४२ मध्ये फ्रान्समधल्या लिआँहून आग्र्याला आल्या, पुढे मुंबईत. आईच्या घरी संध्याकाळी रामरक्षा, शाळेत सकाळी 'आवर फादर'. दोन्ही अजून तोंडपाठ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. नातीला मात्र ती फक्त रामरक्षा शिकवते.

रात्री न राहवून विचारलंच, दुसरं का नाही?

"ते शाळेचं गं," म्हणाली. "घरी कसं आणायचं?"