तुम्ही विचारलंत म्हणून: पिल्लं गेली, दोष माझाच का?

शब्द वेगवेगळे असतात, प्रश्न एकच. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, कोंबडी अंड्यांवर बसवली, एकविसाव्या दिवशी बारा पिल्लं निघाली, तीन आठवडे नीट गेले आणि एका संध्याकाळी खुराड्याचं दार नुसतं लोटलेलं राहिलं. सकाळी उरली दोन. ‘तेव्हापासून झोप नाही, मनाची समजूत कशी घालू?’ त्याला जोडून, जरा ओशाळून, आणखी एक येतो: ‘आम्ही कोंबडी खातो. मग पिल्लांसाठी एवढं वाईट वाटणं हे ढोंग नाही का?’

हा दुसरा सोपा आहे, तो आधी उरकू. नाही, ढोंग नाही. ज्या घरात आषाढात कोंबडी कापली जाते, त्याच घरात पावसात भिजलेलं पिल्लू चुलीपाशी टोपलीत ठेवलं जातं, आणि पाळणाऱ्याला यात काही विसंगत वाटत नाही. तुम्हाला जे खुपतंय ते मरण नाही. रात्रीची राखण तुमच्याकडे होती आणि ती चुकली, हे खुपतंय. ‘कोंबडीच ती, दुसरी आणू’ म्हणणाऱ्यांना हा फरक कळत नाही, म्हणून त्यांच्या धीर देण्याने उलट चिडचिड होते.

पहिल्या प्रश्नाला मात्र समजुतीने सुरुवात करू नका. आधी उरलेल्यांकडे जा.

‘दोन उरली’ हे बऱ्याचदा खरं नसतं. घाबरलेलं पिल्लू लाकडांच्या ढिगात, झावळ्यांखाली, गोवऱ्यांच्या उतरंडीमागे तासन्‌तास गप्प बसतं. कोंबडी वाचली असेल तर तिला तिथेच अंगणात बांबूच्या डालग्याखाली ठेवा आणि तुम्ही लांब व्हा. तिचा क्लक्‌-क्लक्‌ आवाज ऐकून लपलेली पिल्लं बाहेर येतात. ती नसेल तर तिन्हीसांजेला परसात उभं राहून कान द्या, थंडी वाजली की पिल्लू ओरडतं.

वाचलेल्या पिल्लांना शिकारीइतकाच गारठ्याचा धोका असतो. पहिल्या आठवड्याच्या पिल्लाला साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी चालते. खोक्यावर ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब टांगा. एलईडीचा उपयोग नाही, तो उजेड देतो, ऊब देत नाही. पिल्लं बल्बखाली गठ्ठा करून बसली तर बल्ब खाली घ्या, चोच उघडी टाकून कडेला पळाली तर वर. वीज गेली तर बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून ठेवा आणि दोन-तीन तासांनी बदला. पहिल्या दिवशी लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे साखर पुरते, नंतर साधं पाणी आणि नेहमीची कणी किंवा स्टार्टर खाद्य.

जखमी पिल्लू वेगळ्या खोक्यात, पण इतरांचा आवाज ऐकू येईल असं ठेवा. एकत्र ठेवलंत तर लाल जखमेला बाकीची टोचून टोचून मोठी करतात. लिटरभर पाणी उकळून त्यात चहाच्या चमच्याने दीड चमचा मीठ घालायचं, कोमट झालं की जखम धुवायची, मग पोव्हिडोन आयोडीन पातळ करून, कोऱ्या चहाच्या रंगाचं, लावायचं. मांजराचा किंवा मुंगसाचा दात वरून टाचणीएवढा दिसतो आणि आत खोल गेलेला असतो. अशी जखम एक-दोन दिवसांत चिघळते, तेव्हा त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. घरात उरलेली माणसांची गोळी अंदाजाने चारू नका. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ जखम उघडून बघा, माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही.

हे झालं की पंचनामा. झाडू मारण्याआधी. अपराधीपणाला सगळ्यात जास्त खतपाणी घालतं ते ‘नक्की काय झालं’ हे ठाऊक नसणं. जे ठाऊक नाही तिथे मन सर्वांत वाईट चित्र काढतं आणि प्रत्येक चित्रात आरोपी तुम्हीच असता.

पहिला प्रश्न वेळेचा. घार, शिक्रा, कावळा आणि मुंगूस हे दिवसाचे. रानमांजर, कांडेचोर म्हणजे उदमांजर आणि घूस बहुधा रात्रीचे. कुत्रा, पाळीव मांजर आणि साप कधीही. मग खुणा. एकच पिल्लू कमी, रक्त नाही, पीस नाही, उजेडाची वेळ: घार किंवा शिक्रा. अगदी पहिल्या आठवड्यातली पिल्लं कावळाही उचलतो. रात्रीत एक-दोन कमी, कुठे काहीच माग नाही, किंवा एखादं मेलेलं पिल्लू डोक्यापासून चिकट, ओलं: तो साप, बहुतेक धामण नाहीतर नाग, गिळता आलं नाही म्हणून टाकून गेलेला. खुराड्यात ताजी उकरलेली माती आणि बिळाच्या तोंडाशी पिसं: घूस. पिसं परसभर उडालेली, पिल्लं इकडेतिकडे विस्कटलेली, खाल्लेलं फार काही नाही: कुत्रा. मानेवर-डोक्यावर चावे, जाळीखाली उकरलेलं, आणि वेळ दिवसाची किंवा कातरवेळेची: मुंगूस. कौल सरकलेलं असेल तर कांडेचोरावर संशय घ्या, तो वरून येतो. खात्री होत नसेल तर दुसऱ्या रात्री खुराड्याभोवती चाळलेली राख पातळ पसरा. मांजराचा ठसा गोल, नखांविना. कुत्र्याच्या ठशात चार बोटं आणि नखं. मुंगसाच्या ठशात पाच बोटं आणि नखं. दुसऱ्या रात्री मुद्दाम म्हणतोय, कारण एकदा पोट भरलेलं जनावर तिथे परत येतंच. तेव्हा उरलेली पिल्लं घरात.

एक खूण लोक बघतच नाहीत. खाल्लेलं पिल्लू मारलेलंच असतं असं नाही. ते आधी आजाराने मेलेलं असू शकतं आणि मांजराने नंतर ओढलेलं. चाव्याजवळची कातडी बाजूला करून बघा. खाली रक्त साकळून काळंनिळं झालं असेल तर चावलं तेव्हा पिल्लू जिवंत होतं. दात रुतलेत पण खाली मांस स्वच्छ आहे, म्हणजे ते आधीच गेलेलं होतं. अशा वेळी दाराच्या कडीचा विचार सोडा आणि लसीची तारीख आठवा: मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी द्यायची असते. एकाच वेळी बरीच पिल्लं चाव्याशिवाय मेली असतील तर उघड्या हाताने काहीच उचलू नका, आधी पशुवैद्यकांना कळवा. एरवी मेलेली पिल्लं दोन-तीन फूट खोल पुरून वर चुना टाका. उथळ पुरलीत तर कुत्री उकरतात, आणि ते पुन्हा बघावं लागणं हे सगळ्यांत वाईट.

आता मनाचं. एक कागद घ्या आणि मधे रेघ मारा. डावीकडे लिहा: त्या संध्याकाळी मला काय माहीत होतं. उजवीकडे: आज सकाळी काय कळलं. ‘खिट्टी सैल होती, चार दिवस दिसत होती’ हे डावीकडे. ‘मुंगूस जाळी तोडत नाही, खालून उकरतं’ हे आजच कळलं असेल तर उजवीकडे. ‘मी पाच मिनिटं आधी गेले असते तर’ हे दोन्हीकडे बसत नाही, ते खोडा. शिक्रा अंगणात माणूस उभा असतानाही पिल्लू नेतो. आणि ‘ओरडली कशी नाहीत, मला ऐकू कसं आलं नाही’ याला तर आधारच नाही. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. ती रात्री जागची हलत नाही आणि साप शेजारून पिल्लू घेऊन गेला तरी गप्प असते. ऐकू येण्यासारखं बहुतेकदा काही घडलेलंच नसतं.

डावीकडे एक-दोन ओळी उरतील. त्या पुसायचा प्रयत्न करू नका, आणि कोणी ‘तुझी काही चूक नाही’ म्हणालं तर विश्वासही ठेवू नका, कारण तुमचा बसणारच नाही. दार लोटलेलं राहिलं ही चूक आहे. पण तिचा आकार एका खिट्टीएवढा आहे, तुमच्या अख्ख्या स्वभावाएवढा नाही. तिची दुरुस्ती हातोडी घेऊन होते.

‘त्यांना फार त्रास झाला असेल का’ हे बरेच जण शेवटी, हळूच विचारतात. मुंगूस आणि मांजर मानेवर किंवा डोक्यावर धरतात, ते बहुधा क्षणांचं काम असतं. कुत्र्याचं तसं नसतं, आणि तसं आहे असं सांगून खोटा दिलासा देणं बरोबर नाही. दहा मारून एक खाल्लेलं बघून ‘क्रूर’ हा शब्द तोंडात येतो. रानात एक पक्षी धरला की बाकीचे उडून जातात आणि शिकार तिथेच संपते. खुराड्यात ती पळू शकत नाहीत, फडफडत राहतात, आणि फडफडणाऱ्यावर झेप घालणं हे त्या जनावराच्या अंगातच असतं. घारीचं म्हणाल तर तिची वीण हिवाळ्यात सुरू होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्याही घरट्यात वाट बघणारी चोच असते, म्हणून त्या दिवसांत पिल्लं जास्त जातात. लहान मुलांना हे असंच्या असं सांगितलं तर चालतं. ‘पिल्लं मामाकडे गेली’ असलं काही सांगू नका, मुलं पिसं बघतात.

दार मुलाकडून किंवा आजीकडून उघडं राहिलं असेल तर त्यांच्या वाटची एक ओळ तुम्ही उचला: रोजचं काम एकाच माणसावर होतं, तपासायला दुसरं कोणी नव्हतं. पुढे एकाने कडी लावायची, दुसऱ्याने रात्री जेवणानंतर बॅटरी मारून मोजायचं. बॅटरी खुराड्याच्याच खिळ्याला टांगलेली असू द्या, घरात शोधावी लागली की मोजणं राहतं.

रागाचंही बोलायला हवं, कारण अपराधीपणा सहन होत नाही तेव्हा तो राग होऊन बाहेर पडतो. विष घातलेलं मांस ठेवू नका, फास लावू नका. मुंगूस, रानमांजर, धामण, नाग हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. शिवाय ते विष पहिल्यांदा शेजाऱ्याचं कुत्रं खातं. पिल्लं गिळून फुगलेला साप जाळीतून बाहेर निघू न शकल्याने सकाळी आतच सापडतो. काठी घेऊ नका, सर्पमित्राला बोलवा.

हातोडीचं काम हे. बाजारात ‘कोंबडी जाळी’ म्हणून मिळणारी षटकोनी तारेची जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो, लहान साप सहज आरपार जातो. पिल्लांच्या खुराड्याला अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे सांधे जोडलेली चौकोनी तारेची जाळी, लागते, नुसती खिळ्यांनी नाही, वर पट्टी मारून. जमिनीला भिडते तिथे बाहेरच्या अंगाला दीड फूट रुंद जाळी आडवी अंथरा आणि दोन-तीन इंच मातीत दाबून वर चिरे ठेवा. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशी सुरुवात करतं, दीड फूट मागे सरकून खणायची अक्कल त्याला सहसा सुचत नाही. कोकणात जांभ्यावर चर खणत बसण्यापेक्षा हे फार सोपं. दाराला वर एक, खाली एक अशा दोन कड्या, कारण एकच कडी असली की खालचा कोपरा बोटभर वाकतो आणि तेवढं पुरतं. डालगं घारी-कावळ्यापुरतं ठीक, वर जड दगड ठेवूनही मुंगूस कडेखालून माती काढतं. दिवसा पहिले चार आठवडे पिल्लांवर मासेमारीचं जुनं जाळं डोक्यावरून सहा-सात फुटांवर ताणा.

हॅचरीतून, म्हणजे यंत्रात अंडी उबवणाऱ्या केंद्रातून, आणलेली वनराजा, गिरिराज अशा सुधारित जातींची पिल्लं असतील तर आणखी एक. त्यांना आई नसते. देशी कोंबडी आभाळात घार दिसली की एक लांब किंचाळी देते आणि पिल्लं जागच्या जागी थिजतात किंवा आडोशाला पळतात. जमिनीवरच्या जनावरासाठी तिचा आवाज वेगळा, तुटक, कटकट असा. हे ऐकत न वाढलेलं पिल्लू उघड्यावर नुसतं बघत उभं राहतं. म्हणून ती सहा आठवडे बंदिस्त वाढवायची, मग सोडायची. तीन आठवड्यांची सोडली म्हणून गेली असतील तर ही ओळ कागदावर कुठल्या बाजूला जाते ते तुम्हीच ठरवा.

सगळी पिल्लं गेलेली कोंबडी दोन-चार दिवस उकरत, हाका मारत फिरते. ते ऐकणं कठीण असतं. पिल्लं अगदी दोन-तीन दिवसांची असताना गेली असतील आणि ती अजून खुडूक असेल, तर एक-दोन दिवसांची दुसरी पिल्लं अंधार पडल्यावर एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवा. बहुतेकदा सकाळी ती त्यांना आपली म्हणते. टोचली तर लगेच काढून घ्या. पिल्लं मोठी होऊन गेली असतील तर हा खटाटोप नको, काही आठवड्यांत ती पुन्हा अंडी घालू लागते आणि त्यानंतर कधीतरी परत खुडूक होते.

तोवर एक रात्र घ्या. अमावस्येच्या आसपासची बरी. खुराड्यात जमिनीवर एक मोठी बॅटरी लावून ठेवा, दार दोन्ही कड्यांनी बंद करा, अंगणातला दिवा मालवा आणि बाहेरून हळू चक्कर मारा. गुडघ्यावर बसून बुडाच्या कडेनेही बघा. जाळीतून उजेड सगळीकडून येईल, तो सोडा. लाकडाच्या सांध्यातून, कौलाखालून, दाराच्या खालच्या कोपऱ्यातून जिथे जिथे फट उजळलेली दिसेल तिथे खडूने खूण करा, आणि सकाळी तेवढ्याच जागा बुजवा.