घर स्वतःचे, जमीन दुसऱ्याची

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सला येऊन मला अकरा वर्षे झाली. बालपण नागपुरात गेल्यामुळे उन्हाची धास्ती मला कधी वाटली नव्हती. मे महिन्यात गच्चीवर पाणी शिंपडून अंथरूण टाकले की उशिरा का होईना, झोप लागतेच, हा आमचा घरचा अनुभव. इथे मात्र रात्रीही सुटका नसते. 2023 च्या उन्हाळ्यात सलग 31 दिवस कमाल तापमान 43 अंशांच्या पुढे राहिले आणि जुलैमधल्या एका रात्री पारा 36 अंशांच्या खाली उतरलाच नाही. अशा शहरात डोक्यावर थंड छप्पर असणे हा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे, आणि नेमके तेच छप्पर म्हाताऱ्या माणसांच्या हातून निसटत चालले आहे.

खरे तर या शहराने म्हाताऱ्यांना आवतण देऊन बोलावले होते. 1950 मध्ये फिनिक्सची लोकसंख्या जेमतेम एक लाख सात हजार होती. पुढे घरोघरी एसी आला, स्वस्त जमिनीवर वसाहती उठत गेल्या, आणि 1 जानेवारी 1960 रोजी डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने शहराच्या वायव्येला सन सिटी ही केवळ निवृत्तांसाठीची वसाहत खुली केली, तेव्हा पहिल्याच आठवडाअखेरीस ती पाहायला सुमारे एक लाख लोक लोटले. कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे 540 किलोमीटर कालव्याने इकडे आणले गेले. 2020 च्या जनगणनेत शहर 16 लाखांवर जाऊन देशात पाचवे ठरले.

या वाढीत आम्हीही आहोतच. फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरमधल्या इंटेलच्या कारखान्याभोवती कितीतरी भारतीय कुटुंबे स्थिरावली. आता उत्तरेला टीएसएमसी या तैवानी कंपनीचे चिप-कारखाने उभे राहत आहेत. कॅलिफोर्नियातले घर विकून आलेल्या माणसाला इथले दर स्वस्तच वाटतात. त्यामुळे 2020 च्या सुरुवातीला साधारण तीन लाख डॉलरना मिळणारे घर 2022 च्या मध्यापर्यंत साडेचार लाखांच्या पलीकडे गेले, आणि भाडीही त्यामागोमाग चढली. भाडेवाढीवर मर्यादा घालायला राज्याचा कायदा इथल्या शहरांना मनाई करतो. ज्यांचे सगळे पेन्शनवर चालते, त्यांनी काय करायचे?

दर शनिवारी मी शेजारच्या मेसा शहरामधल्या एका मोबाइल होम पार्कमध्ये जेवणाचे डबे पोहोचवते. तिथे घर राहणाऱ्याच्या मालकीचे असते, पण ज्या जागेवर ते उभे असते तिचे भाडे दरमहा द्यावे लागते. नाव ‘मोबाइल’ असले तरी चाळीस-पन्नास वर्षांचे जुने घर हलवायला हजारो डॉलर लागतात, आणि हलवताना ते टिकेल याचीही खात्री नसते. म्हणून भाडे वाढले की ते निमूटपणे भरायचे, नाहीतर घर तिथेच सोडून निघून जायचे. शिवाय पत्र्याच्या या घरांत ऊन अक्षरशः आत शिरते. 2023 मध्ये आमच्या मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स ज्यात येते त्या जिल्ह्यात, उष्णतेशी संबंधित 645 मृत्यू नोंदवले गेले. घरात दगावलेल्यांपैकी बहुतेकांकडे चालू एसी नव्हता. वीजबिल थकले म्हणून ऐन उन्हाळ्यात जोडणी तोडण्यावर आता निर्बंध आहेत, ही चांगलीच गोष्ट झाली. पण बिल माफ होत नाही, ते साचत राहते.

डबा घेणाऱ्यांत एक 81 वर्षांच्या आजी आहेत. त्यांनी खिडक्यांना आतून चंदेरी कागद लावला आहे, थर्मोस्टॅट 86 फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या 30 अंशांवर ठेवला आहे, आणि दुपारभर दार लावून त्या एकाच खोलीत बसतात. गेल्या शनिवारी जागेच्या नव्या भाड्याची नोटीस आली होती. अक्षरे बारीक असल्याने त्यांनी ती मला वाचायला सांगितली. मी आकडा दोनदा वाचला. त्यांनी औषधांच्या यादीची मागची बाजू उलटली, पेन्शनची रक्कम लिहिली आणि तिच्याखाली वजाबाकी मांडली.