घरातनं काम करणारी माणसं खरंच काम करतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, जिन्यात, भाजी घेताना, कुठंही गाठतो. मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम कोल्हापुरात बसून करते आणि माझी टेस्टिंगची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी, टीम गडहिंग्लजपासून नाशिकपर्यंत पसरलेली आहे. म्हणजे घरून काम करणारीही मीच आणि करून घेणारीही मीच. विचारणाऱ्यांत सगळ्यात पुढं आमचे एक काका. उद्यमनगरात त्यांचं वर्कशॉप आहे. त्यांचं म्हणणं असं, "माणूस डोळ्यासमोर असला तर काम होतंय. घरात बसून तो काय करालाय, तुला काय कळतंय?"

काम करतात हो. बहुतेक जण जास्तच करतात. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत २०१०-११ मध्ये स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम यांनी सहकाऱ्यांसोबत याची नऊ महिने रीतसर परीक्षाच घेतली. घरून काम करायला तयार असलेल्यांतले सम तारखेला जन्मलेले घरी, विषम तारखेचे ऑफिसात. घरी बसलेल्यांचं काम १३ टक्क्यांनी जास्त भरलं. पण तेवढंच चांगलं काम करूनही त्यांना बढती मात्र ऑफिसातल्यांपेक्षा कमी मिळाली. आणि प्रयोग संपल्यावर त्यांच्यातले जवळजवळ निम्मे आपणहून ऑफिसात परत गेले, घरी एकटं वाटतं म्हणून.

आता ती सगळी कॉल सेंटरची माणसं. घेतलेले फोन मोजता येतात. आमच्या कामाचं तसं नाही. एखादी चूक दोन तास डोकं खाजवल्यावर सापडते, आणि ते दोन तास कुठल्याच तक्त्यात दिसत नाहीत. मग साहेब लोक जे दिसतं ते मोजतात, चॅटवर नावापुढचा हिरवा ठिपका. हिरवा म्हणजे माणूस जागेवर, पिवळा म्हणजे उठून गेला. मायक्रोसॉफ्टच्या २०२२ च्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी म्हणाले, आमचं काम नीट चाललंय. आपली माणसं नीट काम करतायत अशी पुरती खात्री फक्त १२ टक्के वरिष्ठांना होती. मधल्या दरीत काय काय घडतं ते मी रोज बघते. ठिपका पिवळा पडू नये म्हणून लॅपटॉप स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून जेवणारी मुलगी माझ्या टीममध्ये आहे. रात्री साडेनऊला आलेल्या मेसेजला दोन मिनिटांत उत्तर जातं, कारण उशीर झाला तर समोरच्याला वाटणार, हा घरी झोपा काढतोय. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क असावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा काही झाला नाही.

घरच्यांना आणि शेजाऱ्यांना तर हे काम वाटतच नाही. आमच्या अख्ख्या अपार्टमेंटची पार्सलं माझ्याकडं येतात. "तुम्ही काय, घरातच असताय की." दारामागं कुणाच्या कुकरचा, कुणाच्या चपलांचा ढीग, आणि मी कानात हेडफोन घालून ओटीपी सांगतेय. (चपला परत पाठवायच्या असतात तेव्हाही बेल माझीच वाजते.)

त्याहून जड गोष्ट वेगळी आहे. ऑफिसची इमारत जे जे सांभाळायची, ते सगळं गुपचूप कर्मचाऱ्याच्या अंगावर आलं. खुर्ची, वीज, इंटरनेट. जुलै २०२१ चा महापूर आठवा. इथं पावसाळ्यात प्रत्येकाचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पाण्याकडं असतं, ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी ४३ च्या कितीतरी वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, आमच्याकडं वीज नाही, प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट. तेवढ्यात रेंज आली आणि पहिला मेसेज वाजला : "बॅकअप नाही का तुमच्याकडे?" विचारणारा माणूस वाईट नव्हता. त्याच्या खिडकीबाहेर नुसता पाऊस पडत होता, एवढंच. कंपनी ब्रॉडबँडचे पैसे देते. इन्व्हर्टर मी घेतला.

पण एका मुद्द्यावर काकांचं बरोबर आहे, आणि तो त्यांच्या मूळ शंकेपेक्षा मोठा आहे. त्यांच्याकडं नवा पोरगा लेथवर उभा राहतो तेव्हा मिस्त्री पलीकडच्या मशीनवर असतो. पोरानं हत्यार चुकीचं लावलं की नुसत्या आवाजावरनं मिस्त्रीची मान वळते. पोरानं विचारायची वाट कुणी बघत नाही.

आमच्याकडं मान वळायला आवाजच नाही. गडहिंग्लजचा एक मुलगा कॉलेजातून थेट माझ्या टीममध्ये आला. ऑफिसची पायरी त्यानं चढलेली नव्हती. हुशार, पण प्रत्येक मेसेजला उत्तर एकच, "ओके मॅम." एकदा त्याच्याशी चॅट उघडी होती आणि खाली 'टायपिंग' असं आलं. गेलं. परत आलं, बराच वेळ राहिलं, परत गेलं. मेसेज काही येईना. मी सरळ फोन लावला. साहेब दोन दिवस एकाच जागी अडकले होते. त्याला लागणारा पासवर्ड टीममधल्या सगळ्यांना तोंडपाठ होता, आणि म्हणूनच तो कुठं लिहून ठेवावा असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. शेजारी बसला असता तर चहाच्या आत सुटणारी अडचण. "विचारलं का नाहीस?" तर म्हणाला, "सगळ्यांच्या ग्रुपवर एवढं साधं कसं विचारू?"

तेव्हापासून रोज दुपारी अर्धा तास आम्ही सगळे कॉल चालू ठेवून आपापलं काम करतो. विषय काही नाही. कुणी पुटपुटतं, कुणी शिव्या घालतं, आणि त्यातनं कळतं कोण कुठं अडलंय. वरच्यांना हा अर्धा तास वाया वाटतो. त्यांना तो हिशेबात कुठं टाकावा ते कळत नाही.

मालकांची भीती निव्वळ खोटी आहे असंही नाही. एकाच वेळी प्रतिस्पर्ध्याचंही काम करणारे तीनशे जण सापडले आणि त्यांना काढलं, असं विप्रोच्या अध्यक्षांनीच सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं. अशी माणसं असतात. त्यांच्यापायी बाकीच्यांच्या लॅपटॉपवर पाळत ठेवणं मला पटत नाही. पाळत ठेवली की लोक ठिपका हिरवा ठेवायला आपोआप माऊस हलवणारं यंत्र विकत घेतात. पाचशे-हजारात मिळतं.

आता नवीन टूम म्हणजे, आठवड्यातले दोन-तीन दिवस ऑफिसात या. शहरातल्यांना हे मानवतं. त्याच चिनी कंपनीत, आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम, दोन दिवस घरून काम करायची मुभा दिल्यावर नोकरी सोडणारे एक तृतीयांशानं घटले. पण ती माणसं ऑफिसच्याच गावात राहणारी. कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. लॉकडाऊनमध्ये परत आलेल्या पोरांनी इथं कर्ज काढून फ्लॅट घेतले, आईवडिलांची औषधं-डॉक्टर अंगावर घेतले. त्यांना दर आठवड्याला बोलावणं म्हणजे राजीनामा मागणंच. वर कुणीतरी सुचवतं, कोल्हापुरात खर्च कमी, तर पगारही कमी द्या. शोधलेली चूक कोल्हापुरात शोधली म्हणून स्वस्त होते काय?

माझ्या टीमपुरता मी एक तोडगा मान्य करून घेतलाय. दर तिमाहीला सगळ्यांनी मिळून एक आठवडा पुण्यात बसायचं, आणि नवा माणूस आला की त्याचा पहिला महिना पुण्यात, शेजारी कुणीतरी जुनं बसवून. प्रवास आणि राहणं कंपनीच्या खर्चानं. पहिल्या दोन गोष्टींना साहेब एका बैठकीत हो म्हणाले. शेवटचं वाक्य कागदावर यायला दिवाळी उजाडली.