बुंदीचा मुंबई–नागपूर प्रवास आणि दोन बर्थचा कूपे

कुत्र्याला रेल्वेनं नेता येतं का, हे आमच्या मैदानावर आता सगळे मलाच विचारतात. येतं. नियम अगदी स्पष्ट आहे. पण पार्सल ऑफिसच्या खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला तो माहीत असेलच असं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून माझ्या कुत्रीला, बुंदीला, मुंबईहून नागपूरला आईकडे नेलं तेव्हाचं सगळं लिहून काढतेय.

मोठा कुत्रा स्लीपर, थ्री टियर, टू टियर कशातच चालत नाही. फक्त एसी फर्स्ट, आणि तिथेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमची हवी. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. ती मी आधीच जाऊन पाहून आले होते. पत्र्याची, अंधारी, फटींतून येईल तेवढीच हवा. फटाका वाजला तरी पलंगाखाली शिरणारी बुंदी त्यात रात्र काढणार? शक्यच नव्हतं.

कूपे म्हणजे एकाच पीएनआरवर दोन तिकिटं. मी एकटी राहते. दुसरं नाव कुणाचं घालायचं?

या सोसायटीत कित्येक वर्षं राहूनही शेजाऱ्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं. सणासुदीला दाराची बेल वाजली तर ती कुरियरवाल्याची. बुंदी आली आणि मैदानावर मी ‘बुंदीची आई’ झाले. तिथेच ‘ब्रूनोचे बाबा’ भेटले. ब्रूनो हा त्यांचा म्हातारा लॅब्रेडॉर. तो पावसाळ्यात गेला, तरी ते रोज सकाळी यायचे, इतरांच्या कुत्र्यांसाठी खिशात बिस्किटं घेऊन. मूळचे नागपूरचे. तिकिटाची अडचण ऐकून म्हणाले, “भाचीचं लग्न आहे न बाप्पा माझ्या. टाका माझं नाव.”

तिकीट कन्फर्म झालं तरी कूपे मिळाला की केबिनमधले दोन बर्थ, हे चार्ट लागल्यावरच कळतं. म्हणून आरक्षण पर्यवेक्षकांकडे आधीच लेखी अर्ज द्या, आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्याच. आम्हाला कूपे मिळाला. मला वाटलं, सुटलो.

मग पार्सल ऑफिस. गाडीच्या तीन तास आधी पोहोचलो होतो. खिडकीवरच्या बाबूंनी बुंदीकडे न बघताच सांगितलं, “कुत्रा पेटीत जाईल.” मी तिकीट दाखवलं, चार्टवरचा कूपे दाखवला. “मग टीसीची सही आणा.” टीसींना शोधून काढलं, तर ते म्हणाले, “आधी पार्सलची पावती दाखवा, त्याशिवाय कुत्रा डब्यात चढणार नाही.” परत खिडकी. “साहेब जेवायला गेलेत.” साहेब आले, त्यांनी लशीचं कार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणाले, कूपेचं आम्हाला काही माहीत नाही, वरून लेखी आणा. वरून म्हणजे कुठून, ते सांगेनात. पुन्हा टीसी, पुन्हा तेच उत्तर.

वजनकाट्याशेजारी, गोणपाटात शिवलेल्या गठ्ठ्यांमध्ये बुंदी बसली होती. हातगाडी खडखडत गेली की ती थरथरायची आणि माझ्या चपलेवर पंजा ठेवायची. गाडी फलाटाला लागल्याची घोषणा झाली. माझा आवाज चढला. चढायलाच हवा होता. पैसे भरायला आलेल्या माणसाला असं टोलवायचं म्हणजे काय!

तेव्हा ब्रूनोच्या बाबांनी पाकीट काढलं. आतल्या कप्प्यातून प्लास्टिकमध्ये जपलेली, घड्या पडलेली जुनी पावती बाहेर आली. तिच्यावर लिहिलं होतं: कुत्रा, नग १, एसी फर्स्ट, नागपूर. ती त्यांनी काउंटरवर ठेवली. बाबूंनी वाचली, पुन्हा वाचली. “हा कुठे आहे? आणला नाही?”

“गेला तो.”

बाबू काही बोलले नाहीत. पावतीपुस्तक पुढे ओढलं आणि लिहायला घेतलं.

भाडं कुत्र्याच्या वजनावर नसतं. एसी फर्स्टला ६० किलो सामान धरून आकारतात, त्यामुळे काट्यावर चढवण्यासाठी हुज्जत घालू नका. पावती न करता नेलं आणि पकडले गेलात तर सहापट भरावे लागतात. हो, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट प्रवासाच्या आदल्या दिवसाचं घ्या, रेबीजच्या लशीची नोंद असलेलं कार्ड मूळ न्या, आणि सगळ्याच्या झेरॉक्स दोन-दोन. संध्याकाळचं जेवण नेहमीपेक्षा कमी द्या. भुसावळला गाडी थोडी थांबते, तिथे पाय मोकळे करता येतात. जुनी वर्तमानपत्रं आणि पिशवी मात्र आपली आपण न्यायची.

भुसावळपर्यंत आम्ही दोघंही झोपलो नव्हतो. ब्रूनो लहानपणी कसा होता, ते सांगत होते. मी आईलाही न सांगितलेल्या गोष्टी त्यांना सांगितल्या. बुंदी त्यांच्या पायाशी झोपली होती.

नागपूरला आई स्टेशनवर आली होती. “हे कोण?”

“ब्रूनोचे बाबा.”

आईनं त्यांच्या हातातली बुंदीची साखळी पाहिली आणि म्हणाली, “उद्या जेवायलाच या.” ते आले. लग्न आटोपल्यावर पुन्हा आले.

परतीची पावती नागपूरला वेगळी करावी लागते, मुंबईची चालत नाही. यावेळी खिडकीवर दोन्ही पावत्या दाखवल्या, काम लगेच झालं. नावं पुन्हा एकाच पीएनआरवर होती.