भदौ पाच म्हणजे किती आठवडे?

एम.एस्सी. करणाऱ्या एखाद्या मुलीचा संशोधनाचा प्रस्ताव हातात आला की मी आधी ‘वगळण्याचे निकष’ हा परिच्छेद उघडते. तिथे बहुतेक वेळा दोन ओळी असतात. मराठी किंवा हिंदी न समजणाऱ्या स्त्रिया वगळल्या जातील. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ जिल्ह्यात राहिलेल्या स्त्रिया वगळल्या जातील. यात कुणाचा दुष्टावा नसतो. आदल्या वर्षीच्या प्रबंधातून त्या तशाच उचललेल्या असतात. पण रत्नागिरीत बसून या दोन ओळी लिहिल्या की हापूसच्या बागांतल्या नेपाळी बायका एका फटक्यात अभ्यासाबाहेर जातात. मग अभ्यासाचा निष्कर्ष निघतो की जिल्ह्यात गरोदरपणातली तपासणी समाधानकारक आहे. असणारच की.

मी परिचर्या महाविद्यालयात प्रसूतिशास्त्र शिकवते. माझ्या नोंदणीपत्रावर परिचारिका आणि सुईण असे दोन्ही शब्द आहेत आणि मला दुसरा जास्त आवडतो. माझा स्वतःचा अभ्यास बागांवरच्या राखणदारांच्या बायकांचा आहे. रत्नागिरीबाहेरच्या ज्यांनी ही माणसं पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते. दसरा-दिवाळीनंतर नेपाळच्या पश्चिमेकडची माणसं इकडे येतात. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. मोहोराच्या आधीपासून पाऊस पडेपर्यंत ती बागेतच राहतात. राखण, फवारणी, आंबा उतरवणं, माकडं हाकलणं सगळं तीच करतात. गावात सगळे त्यांना सरसकट गुरखेच म्हणतात. बाग सड्यावर म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, गाव खाली, आणि बागेतली खोपी कुठल्याच वाडीत मोडत नाही. आशाताईच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेच्या, यादीत घर क्रमांक लागतो, तो खोपीला नसतो.

नीतिविषयक समितीने परवानगी देताना एक अट घातली होती आणि ती योग्यच होती. लिहितावाचता न येणाऱ्या स्त्रीची संमती घेताना निःपक्ष साक्षीदार हवा; वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांतही ते आहे. सड्यावर निःपक्ष कोण सापडणार? नवरा नाही, बागायतदार तर नाहीच, माणसं आणणारा मुकादमही नाही. शेवटी सापडली ती पावसजवळच्या एका बागेतली दिदी. पन्नाशीची, कैलालीची, इतकी वर्षं इथे काढलेली की आमच्या विद्यार्थिनींपेक्षा तिची रत्नागिरीकडची बोली अस्सल. ती दुभाषी म्हणूनही यायला तयार झाली. “दिवसाची मजुरी देशील ना गो बाय?” एवढाच तिचा प्रश्न होता.

त्या दिवशी एप्रिलची १७ तारीख होती. आंब्याचा ऐन भर. सकाळी साडेनऊलाच कातळ तापला होता. मी, एक विद्यार्थिनी, आशाताई आणि दिदी गडग्याच्या कडेकडेने वर गेलो. खोपी पत्र्याची, पुढे चुलीला तीन चिरे. तिथे राहणारी मुलगी एकोणीस-वीसची, पहिलटकरीण. नवरा पलीकडच्या कलमांत गलोल घेऊन माकडांमागे होता.

संमतीपत्र दिदी वाचून दाखवत होती. दुसऱ्या परिच्छेदाशी मुलीने कपाळ दाबून धरलं. मी कागद बाजूला ठेवला. चेहरा सुजलेला, पण उन्हात काम करणाऱ्या गरोदर बाईचा चेहरा सुजलेला दिसला की लोक म्हणतात, “बाळसं आलंय.” बोटातली अंगठी मात्र तिने काढून गळ्यातल्या दोऱ्यात ओवली होती. बीपी १६४/११२. तिला डाव्या कुशीवर निजवलं आणि थोड्या वेळाने परत घेतलं, १६८/११०. लघवीत पट्टी बुडवली तर प्रथिनांचा रंग शेवटच्या चौकटीपर्यंत गडद. दिदीला म्हटलं, डोळ्यांपुढे काही होतं का विचार. दोघी बोलल्या. दिदी म्हणाली, “चांदण्या दिसतात म्हणते. कालपासून. आणि हितं दुखतं,” आणि तिने स्वतःच्या बरगडीखाली उजवीकडे हात ठेवला.

प्रसूतिशास्त्र शिकलेल्या माणसाला एवढं पुरे. तीव्र प्री-एक्लॅम्पसिया, गरोदरपणात बीपी चढण्याचा आजार. झटके यायचेच बाकी होते. आशाताईने १०८ला फोन लावला. रुग्णवाहिका फार तर डांबरी रस्त्यापर्यंत येणार होती. बागायतदारांना फोन केला. ते आधी म्हणाले, “अहो मॅडम, गाडीत पेट्या भरल्यात, वाशीला जायची आहे.” मग दोन क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, “येतो.” आले, आणि पेट्या स्वतः उतरवायला लागले. बागायतदारांबद्दल माझ्या मनात बऱ्याच तक्रारी आहेत, पण त्या माणसाबद्दल नाही.

पेट्या उतरेपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं मिळाली. खरं काम त्यातच झालं.

मुलीने पत्र्याच्या ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी काढली. आत नेपाळातल्या आरोग्य चौकीचं कार्ड होतं. इकडे येण्याआधी तिची एक तपासणी झाली होती, पुढच्या साऱ्या रकान्यांत काहीच नव्हतं. शेवटच्या पाळीची तारीख देवनागरी आकड्यांत स्वच्छ अक्षरात होती: २०८१/०५/०५. विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, पाच मे?” पाच मे धरलं तर ती बाई एकोणपन्नास आठवड्यांची गरोदर ठरते. दिदी म्हणाली, “भदौ पाच.” त्यावर आशाताई लगेच, “म्हणजे भाद्रपद पंचमी. ऋषिपंचमी!” कोकणात गणपती कधी होते हे विसरणारा माणूस जन्माला यायचाय, तिने चटकन सांगितलं, ८ सप्टेंबर. हिशेब केला तर साडेएकतीस आठवडे आले. मी टेपने पोट मोजलं, गर्भाशयाची उंची ३१ सेंटीमीटर. या दिवसांत सेंटीमीटर आणि आठवडे जवळपास सारखे येतात. सगळं जुळलं. विद्यार्थिनीने वहीत लिहूनही टाकलं.

इतकं नेमकं जुळलं म्हणूनच मला चैन पडेना. बीपी इतकं चढलेलं असताना वारेतून बाळाला रक्त कमी पोचतं आणि बाळ खुरटतं. अशा आईचं पोट आठवड्यांच्या बरोबरीने वाढलेलं असणं हेच जरा नवल. मी दिदीला विचारलं, तुमचा भदौ आणि आमचा भाद्रपद एकच का? ती हसली. “आमचा पात्रो वेगळा. दसैं-तिहार चंद्रावर, पण महिना सूर्यावर.” आणि तिने खोपीतल्या खिळ्याकडे बोट दाखवलं. तिथे पात्रो, म्हणजे नेपाळी दिनदर्शिका, टांगलेला होता. नेपाळचं २०८२ साल तीनच दिवसांपूर्वी, १४ एप्रिलला लागलं होतं. नवा पात्रो गावाहून यायचा होता म्हणून जुना अजून खिळ्यावर होता. तो आठवडाभरापूर्वी चुलीत गेला असता तर मला इंटरनेटची रेंज शोधत कड्यापर्यंत जावं लागलं असतं. दिदीने पानं उलटली. भदौच्या पाचाखाली बारीक आकड्यात २१ होतं. २१ ऑगस्ट.

म्हणजे ३४ आठवडे आणि वर एक दिवस.

अडीच आठवड्यांनी काय बिघडतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. दोन गोष्टी बिघडतात. एक, ३४ आठवड्यांच्या पोटाची उंची ३१ भरत असेल तर बाळाची वाढ मागे पडली आहे. चुकीच्या तारखेने ते झाकलं जात होतं. दुसरी त्याहून मोठी. एवढा तीव्र आजार ३४ आठवड्यांच्या आधी असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन, जमेल तितके दिवस थांबायचा विचार करतात. ३४ पूर्ण झाले असतील तर आईला स्थिर करून प्रसूती उरकणं हाच उपाय, कारण या आजाराचं मूळ वारेत असतं आणि वार बाहेर पडल्याशिवाय तो उतरणीला लागत नाही. ऋषिपंचमी धरली असती तर तिला थांबवलं गेलं असतं. आणि थांबण्यात तिला झटके येण्याची भीती होती.

मी पात्रो खिळ्यावरून काढून पिशवीत घातला. बागायतदार गाडी हळू चालवत होते, तरी प्रत्येक खड्ड्याला ती कळवळत होती. नवरा मागे हौद्यात उभा होता, गलोल अजून हातातच.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरांनी प्रश्न विचारत वेळ घालवला नाही. झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दोन्ही कुल्ल्यांत खोलवर, पाच-पाच ग्रॅम. त्याआधी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिलं, श्वास मोजले. बीपीसाठी गोळी. हे इंजेक्शन फार दुखतं आणि आधी सांगितलं नाही तर बाई घाबरते. दिदीने तिचा हात धरून सांगितलं, “बहिनी, पोल्छ, तर बचाउँछ.” आग होईल, पण वाचवेल. ती ओरडली नाही.

मोठ्या सरकारी रुग्णालयात दारावरच आधार कार्ड मागितलं गेलं. मागणारा माणूस वाईट नव्हता, संगणकावरचा तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नव्हतं. डॉक्टर बाईंनी केसपेपर हातानेच केला. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११पासून, सरकारी रुग्णालयात कुठल्याही गरोदर बाईची प्रसूती आणि औषधं मोफत आहेत. हे मला दारावर पाठ म्हणून दाखवावं लागलं.

सोनोग्राफीत ३१ आठवडे आले. डॉक्टर बाई म्हणाल्या, “सिस्टर, तुम्ही ३४ म्हणताय.” मी पात्रो काढून टेबलावर ठेवला. शेवटच्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी तारखेच्या बाबतीत तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकते हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो बारीक २१ वाचला, कार्ड वाचलं, नाळेतल्या रक्तप्रवाहाचा आलेख परत बघितला आणि शस्त्रक्रियागृहाला फोन केला. पहाटे मुलगी झाली, १५८० ग्रॅमची. रडली. नवजात अतिदक्षता कक्षात बरेच दिवस राहिली आणि आईच्या छातीशी बांधून घेत घेत वाढली. आईचं बीपी उतरायला आठवडा लागला.

आमच्या क्षेत्रात ‘एकाच सुईणीची सलग काळजी’ यावर फार लिहिलं गेलंय. सुईणसेवेच्या संशोधक जेन सँडल यांच्या गटाने २०१६च्या आढाव्यात १५ चाचण्या आणि १७,६७४ स्त्रियांची माहिती एकत्र मांडली. ओळखीची सुईण शेवटपर्यंत असेल तर मुदतपूर्व प्रसूती कमी होतात, असं त्यात दिसलं. मी ते दरवर्षी वर्गात शिकवते. पण त्या चाचण्या झाल्या त्या ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडात. ब्रिटनमध्येही मातामृत्यूंच्या राष्ट्रीय अहवालांत कृष्णवर्णीय स्त्रियांचं प्रमाण गोऱ्यांच्या काही पट जास्त निघतं, म्हणजे तिथेही सगळ्यांना सारखं मिळत नाही. आणि इथे जी बाई निम्मं गरोदरपण एका देशात आणि निम्मं दुसऱ्या देशातल्या सड्यावर काढते तिला सलग काय मिळणार? महाराष्ट्रात २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू, देशात ९७. हा आकडा चांगलाच आहे, पण त्यातून पाण्याची घागर डोक्यावर घेऊन कातळ चढणारी ती मुलगी दिसत नाही. तिच्या बाबतीत सलग होतं ते फक्त ते कार्ड, आणि ते वाचता येणारी दिदी.

तिची मुलाखत मी नंतर, ती बसायला लागल्यावर पूर्ण केली. संमती नव्याने घेतली. उपचारांचे उपकार म्हणून हो म्हणू नकोस, नाही म्हणालीस तरी बाळाची तपासणी होणारच, हे दिदीकडून दोनदा सांगवलं. तिने थोडा विचार केला, मग अंगठा दिला. आमच्या अर्जात आता पाळीच्या तारखेपुढे ‘कोणत्या पंचांगाप्रमाणे’ असा रकाना आहे आणि आशाताईच्या पिशवीत नेपाळी पात्रो. ऋषिपंचमीवरून विद्यार्थिनी तिची थट्टा करतात. मी करू देत नाही. निदान तिने तारीख लावायचा प्रयत्न केला, बाकीचे ‘माहीत नाही’ लिहून मोकळे होतात.

दिदीच्या मानधनाचं प्रकरण मात्र लेखा विभागात अडकलंय. मंजूर अंदाजपत्रकात दुभाष्याचं शीर्षच नव्हतं. मी पत्र दिलं, शीर्ष मिळालं, पण दर लावला अकुशल मजुराचा आणि वर विचारणा, शैक्षणिक पात्रता काय? दिदीला विचारलं तर म्हणाली, “चौथी. पण पात्रो वाचता येतो, लिही.” मी तसंच लिहून, १७ एप्रिलच्या केसपेपरची नावं झाकलेली प्रत जोडून, कुशल दराची मागणी परत पाठवली आहे.