कार्पचा नकार

स्टीलहेड हा मासा गळाला नाही म्हणतो तेव्हा तो मुळात तिथे होता की नव्हता, हेच कळत नाही. कार्प मात्र डोळ्यांदेखत येतो, फ्लायपाशी थांबतो, खाली वाकून नीट बघतो आणि मग शांतपणे वळून चालता होतो. हा दुसरा नकार जास्त झोंबतो. तरीही, किंवा बहुधा त्यामुळेच, माझा ओढा हल्ली कार्पकडे वाढत चाललाय. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या फ्लाय फिशिंगवाल्यांत हे मोठ्याने बोलायची सोय नाही.

फ्लाय म्हणजे हुकाभोवती पिसं, केस, दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. तिला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून रॉडने फेकायची ती जाड लाइन. फ्लाय आपली तिच्यामागून जाते. खरं आमिष लावून तरंगत्या बुचाकडे बघत बसणाऱ्यांना हा सगळा नसता उपद्व्याप वाटतो, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

स्टीलहेड हा खरं तर रेनबो ट्राउटच. एकाच जातीतली काही पिल्लं जन्मभर नदीत राहतात आणि काही पॅसिफिककडे निघून जातात. तिथे एक, दोन, कधी तीन वर्षं काढून, अंगाने भरून, चांदीच्या रंगाची होऊन ती आपल्या नदीत परततात. पॅसिफिकमधले सॅमन मासे अंडी घातली की मरतात; स्टीलहेडमधले थोडे मात्र पुन्हा समुद्र गाठतात. आता गंमत अशी की नदीत आल्यावर हा मासा खाणं जवळपास सोडूनच देतो. मग जेवणार नाही त्याच्यापुढे ताट का वाढायचं? कुणी म्हणतं तो चिडून फ्लाय धरतो, कुणी म्हणतं कुतूहलाने, कुणी म्हणतं लहानपणी नदीत किडे खायची सवय होती ती उसळी मारते. त्याला ‘हजार फेकींचा मासा’ म्हणतात. आकडा कुणी मोजला नसेल, पण तक्रारही कुणी करत नाही.

आमच्याकडे डेशूट्स नदीत हे मासे जुलैपासून चढू लागतात. ऊन पाण्यावर यायच्या आत उभं राहायचं. या नदीत बोटीत बसून गळ टाकायला बंदी आहे, त्यामुळे घोटे मुरगळणाऱ्या गोल दगडांवरून कमरेएवढ्या पाण्यात शिरणं आलं. हातात तेरा फुटांचा, दोन्ही हातांनी चालवायचा स्पे रॉड. स्पे ही स्कॉटलंडमधली नदी, ही फेकायची रीत तिथली. लाइन पलीकडे, जरा खालच्या अंगाला टाकायची. प्रवाह तिला ताणतो आणि फ्लाय कमानीत फिरत काठाकडे येते. दोन पावलं खाली सरकायचं. पुन्हा तेच. जपमाळेतला मणी ओढावा तशी ही दोन पावलं. तासाभराने मासा हा विषयच मागे पडतो आणि हातात फक्त फेक उरते. मग कधीतरी, आपण घरच्या नळाच्या गळतीचा विचार करत असताना, लाइनला जो हिसका बसतो त्याने खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात. मासा लागला तो नशिबाने, हे ठाऊक असूनही माणूस आठवडाभर स्वतःवर खूश असतो.

कार्पचं सगळं उलटं. जूनमधली भर दुपार, कोलंबिया नदीची एखादी उथळ, कोमट, चिखलाच्या वासाची खाजण. पोलराइज्ड चष्मा लावून वाकून चालायचं आणि शोधायचा तो गढूळ पाण्याचा ढग: तिथे कार्प डोकं खाली, शेपूट वर करून तळ उकरत असतो. त्याला ओठांशी मिशा असतात, त्यांनी तो चव घेतो. हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे बुटाखाली खडा सरकला तरी त्याला ऐकू जातो. कार्पच्या कुळातल्या माशांची कातडी सोलवटली तर पाण्यात असं काही द्रव्य उतरतं की आसपासचे जातभाई सावध होतात. आणि इतक्या संशयी प्राण्याच्या नाकासमोर, बशीएवढ्या जागेत, आवाज न करता फ्लाय ठेवायची. थेट टाकली तर संपलं. जरा पलीकडे टाकायची, हलकेच वरच्या वर ओढत आणायची आणि त्याच्या पुढ्यात बुडू द्यायची.

आता हिसक्याची वाट बघत बसलात तर फुकट गेलात. कार्प फ्लाय आत ओढतो, घशातल्या दातांपर्यंत जायच्या आतच त्याला फसवणूक कळते आणि तो ती थुंकतो. लाइनला त्याचा पत्ताही नसतो. डोकं जरासं कलतं, ओठ पुढे येतात, कल्ले फाकतात. तेवढ्यावरून ओळखून रॉड उचलायचा. डेशूट्सवर मी तंद्रीत चालतो, इथे तंद्री लागली की मासा गेला. लागलाच तर दहा-बारा पौंडांचं ते धूड न उडता, न चमकता, सरळ खोल पाण्याकडे जायला लागतं आणि रीळ रिकामं होत जातं.

एवढं असून इज्जत सगळी स्टीलहेडला. कार्पचेही दिवस होते. १८७७ साली अमेरिकेच्या सरकारी मत्स्य आयोगाने तो मुद्दाम जर्मनीहून आणला, राजधानीत वॉशिंग्टन स्मारकाजवळच्या तळ्यांत वाढवला, आणि खासदार आपापल्या मतदारांसाठी पिल्लं मागून नेत. पुढे तो सगळीकडे पसरला, पाणी गढूळ करू लागला आणि नकोसा झाला. आज काही लोक धरलेला कार्प काठावर फेकून कुजू देतात. मी इंदापूरच्या चुलतभावाला फोटो पाठवला तर तो म्हणाला, “अरे, हा तर सायप्रिनस! उजनीत ढिगाने मिळतो. एवढा नटूनथटून कशाला गेलास?”

डेशूट्स जिथे कोलंबियाला मिळते त्याच्या थोडं खाली सेलायलो धबधबा होता. इथले मूळ रहिवासी हजारो वर्षं तिथे फळकुटांच्या माचांवर उभं राहून जाळ्यांनी सॅमन आणि स्टीलहेड काढत. १९५७ मध्ये द डॅल्स धरणाची दारं बंद झाली आणि तो काही तासांत बुडाला. अशा धरणांमागे वाहती नदी थांबून कोमट तळी झाली. स्टीलहेडची वाट त्यांनी अवघड केली आणि कार्पला घर बांधून दिलं. एका माशाबद्दल आपल्याला वाटणारी भक्ती आणि दुसऱ्याबद्दलची किळस, दोन्ही बऱ्याच अंशी एकाच काँक्रीटमधून आलीत. त्यात कार्पचा काय दोष?

कोलंबियावरच्या बॉनव्हिल धरणाला मासे वर चढावेत म्हणून पायऱ्या-पायऱ्यांची मत्स्यशिडी आहे; तिच्यातून रोज किती स्टीलहेड वर चढले याचे आकडे जाहीर होतात. उन्हाळाभर आम्ही ते शेअर बाजारासारखे बघतो. अलीकडे काही वर्षी ते इतके घसरले की डेशूट्सवर स्टीलहेडची मासेमारी बंदच ठेवली गेली, आणि ते योग्यच झालं. यंदा आकडे बरे असले तर मी जाईन. नसले तर गाडी महामार्गावरून दहा मिनिटं आधीच वळवून खाजणीत उतरेन. तिथे मोठा, एका डोळ्यावर पांढरट डाग असलेला एक कार्प आहे. त्याला मी काळ्या, तपकिरी आणि गेरूच्या रंगाच्या फ्लाय दाखवून झाल्यात, हिरवी राहिलीये.